मंडईचा पाहुणा

तुळसा गेल्यापासून आमच्या घरी चूल दिवसातून एकदाच पेटते, आणि पेटवणारा मी असल्यामुळं जाळ कमी, धूरच जास्त. तुळसा कोरपन्याकडची, कपाशीच्या मुलखातली. लग्न होऊन आली आणि आमचं तिन्ही वेळ भात खाणं पाहून म्हणाली, "तुमी मानसं आहा का धानावरच्या चिमन्या?" शेवटपर्यंत स्वतःपुरती ज्वारीची भाकर वेगळी थापायची. आता तो तवा भिंतीला उभा आहे. मी त्याला हात लावत नाही. जे लिहायला बसलो आहे ते तिला सगळं ठाऊक होतं. लग्नाच्या आधीच मी सांगून टाकलं होतं, म्हटलं नंतर कोणाकडून कळण्यापेक्षा बरं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हे लोकाइले सांगत जा. घरात ठेवून का लोनचं घालाचं आहे?" तिच्या जिवंतपणी लिहिणं झालं नाही. माझी शाळा चौथीपर्यंतची, हात नांगराचा. आता दिवस लांब झाले आहेत म्हणून लिहितो. पुस्तकातली भाषा जमेल तिथं तशी येईल, जमणार नाही तिथं आपलीच.

जिची ही गोष्ट आहे त्या जसोदालाही विचारून घेतलं. म्हटलं, तुझं नाव बदलून लिहू का? म्हणाली, "कायले? एक डाव त्या लोकाइनं बदललं होतं. आता तू बदलतं का?" म्हणून जसोदाचं नाव जसोदाच आहे.

आमचं गाव वडस्यापासून बैलबंडीनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. एका अंगाला धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली शेतं, दुसऱ्या अंगाला जंगल. घर मातीचं, वर कवेलू, पुढं मांडव आणि मांडवावर वालाच्या शेंगांचा वेल. दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते, भाजीची नव्हे, जत्रेसारखी. आमच्या गावची मंडई म्हणजे आमच्या घराचा सगळ्यात मोठा सण. चार दिवस आधीपासून उखळात पोह्यांचं धान कांडणं चालू व्हायचं, दोघी बायांची मुसळं एकाआड एक पडायची, तो धप-धप आवाज ऐकला की मला आजही भूक लागते. माय आदल्या दिवशी लाखोळीची डाळ भिजवायची आणि सकाळी पाट्यावर वाटायची. सरकारचे लोक सांगून गेले होते, लाखोळी खाऊ नका, पाय लुळे पडतात. माय म्हणायची, "मंग वडे का सरकारच्या डोक्याचे तळू?" कढईत वडा पडला की वास गल्लीच्या तोंडापर्यंत जायचा. तिकडं मैदानात शंकरपटाची, बैलांच्या शर्यतीची तयारी, त्यांच्या गळ्यातल्या घंट्या, चिंचेच्या झाडावर बांधलेला भोंगा. आणि पाहुणे. मंडईला कोणाला बोलवावं लागत नाही. मावशीच्या दिराचा साळा, त्याचा शेजारी, शेजाऱ्याचा मित्र, जो येईल तो जेवतो. सोयरिकी पण तिथंच जुळायच्या. ज्या घरी पाहुणा जेवला ते घर त्याची जबान देते, असा हिशेब होता. आणि एक नेम होता, कुठं लिहिलेला नव्हता पण सगळे पाळायचे: पंगतीत बसलेल्या पाहुण्याला "तुम्ही कोणाकडचे" असं विचारायचं नाही. विचारलं म्हणजे त्याच्या ताटात थुंकल्यासारखं.

मला एकोणिसावं लागलं होतं त्या वर्षी तो आला. टेरिकॉटचा पांढरा सदरा, मनगटाला घड्याळ. मांडवात शिरला, पिशवी स्वतःच खुंटीला अडकवली, रांजणावरचं पाणी घेऊन पाय धुतले आणि बाच्या पायाला हात लावून म्हणाला, "रामराम मामाजी. मामी कुठी आहे?" पंगत बसली तेव्हा माझ्या शेजारीच बसला. सहा वडे खाल्ले. माय सातवा वाढायला लागली तर ताटावर हात आडवा धरून म्हणाला, "मामी, आता हा खाल्लो तं मले बैलावानी ओढून न्या लागते तुमाले." माय हसली. माझी माय पाहुण्यांसमोर सहसा हसत नसे. जेवण झाल्यावर त्यानं भाताचा जड गंज उचलायला मला हात लावला, माझ्यासोबत दहा-बारा घरं फिरला, चहा प्याला, पान खाल्लं, लोकांच्या बैलांची तारीफ केली. दुसऱ्या दिवशी सकाळी मांडवात बाजवर बसून बाला म्हणाला, "मामाजी, माह्या ओळखीत एक घर आहे. नागपूरच्या पल्याड, दूर आहे जरा. शेतीवाला पोरगा, विहिरीचं पानी. त्याइकडं पोरी कमी, म्हनून हुंडा घेत नाई, उलट लग्नाचा खर्च त्याहीचाच. गावात आहे का कोनाची पोरगी?"

बानं थोडा विचार केला आणि मला म्हणाला, "गणू, पाहुन्याले गोविंदाच्या घरी ने."

गोविंदा म्हणजे आमच्या बांधीला लागून ज्याची बांधी होती तो. बायको कधीच मेली होती, एकच पोरगी, जसोदा. माझ्याच वयाची. धानाच्या रोवण्याच्या वेळी ती बायांच्या ओळीत सगळ्यात पुढं असायची आणि जिभेनं सगळ्यात तिखट. एकदा मी चिखलात तोंडावर आपटलो तर अख्ख्या बांधीला ऐकू जाईल असं ओरडली, "गणू, तुह्यापेक्षा बुजगावनं बरं, ते तं जागेवर उभं राह्यते!" मी पाहुण्याला घेऊन गेलो तेव्हा ती अंगण सारवत होती. पाहुणा दिसला तशी हात धुवून आत गेली. गोविंदानं सगळं ऐकून घेतलं. तो काही बावळट माणूस नव्हता. दोन-तीनदा डोकं खाजवलं, मग पाहुण्याकडं न पाहता माझ्याकडं पाहून विचारलं, "हे तुमच्याच घरचे ना बाप्पा?"

मी म्हणालो, "हो. आमच्याच घरचे."

मी खोटं बोललो नव्हतो. मला तसंच वाटत होतं. त्यानं काही फरक पडत नाही, हे कळायला मात्र पुष्कळ वर्षं गेली.

आठ दिवसांत लग्न झालं, मारुतीच्या पारावर. नवरा वयानं बराच मोठा होता, सोबत दोन बाया, त्यांची बोली आम्हाला अर्धीच कळायची. वडस्याच्या रेल्वेपर्यंत बंडी मीच हाकली. गावाची शीव आली तशी जसोदा मागून म्हणाली, "गणू, बैलाइले जरा हळू हाक. मले पाहू दे." मी हळू हाकली. रेल्वेत बसताना तिनं हातातला चुडा सावरला आणि माझ्याकडं पाहून तोंड वेडावलं, नेहमीसारखं. गोविंदा रडत होता. पाहुणा त्याच्या पाठीवर हात फिरवत होता.

त्यानंतर दहा-पंधरा दिवसांची गोष्ट. माय दुपारी जात्यावर बसली होती. बा मांडवात दोरी वळत होता. वळता वळता सहज म्हणाला, "तुह्या माहेरच्या त्या पाहुन्याचा काही निरोप नाई आला वो?"

जातं थांबलं. माय म्हणाली, "माह्या माहेरचा? तो तं तुमच्या आत्याकडचा ना?"

बानं दोरी खाली ठेवली. मी उंबऱ्यावर बसून शेंगा सोलत होतो. जात्यात अर्धवट दळलेले तांदूळ तसेच राहिले, त्या दिवशी ते कोणी पुढं दळले नाहीत. बा संध्याकाळी आत्याच्या गावाला चालत निघाला आणि दोन दिवसांनी परत आला. पाय सुजले होते. तिथं त्या माणसाला कोणी ओळखत नव्हतं. मग मायचे भाऊ झाले, मावशी झाली. कोणीच ओळखत नव्हतं. पोलिसांत गोविंदा गेला, त्यांनी विचारलं, लग्न तुम्हीच लावून दिलं ना? त्यानं मान हलवली आणि परत आला. तो माणूस कधीच सापडला नाही. आजपर्यंत नाही.

त्या काळी वडस्याच्या स्टेशनाजवळ एका भातगिरणीच्या मागं लीलाबाई राहायच्या. नर्सबाई होत्या, नवरा वारलेला, नोकरी सोडलेली. त्यांच्या दोन खोल्यांना लोक नुसतं 'बाईचं घर' म्हणायचे. बाहेर नेऊन विकलेल्या पोरी त्या शोधून आणायच्या आणि ज्यांना घर घेत नसे त्यांना तिथं ठेवायच्या. त्यांचं काम करायची तऱ्हा अशी की रोज डबा घेऊन फलाटावर बसायच्या. नव्या चुड्याची पोरगी आणि सोबत अनोळखी माणसं दिसली की उठून जवळ जायच्या, नवऱ्याच्या हातावर साखर ठेवायच्या आणि विचारायच्या, "जावईबापू, सासूचं नाव काय हो तुमच्या?" खरा नवरा सांगतो. ज्यानं माल उचलला आहे त्याला सासूचं नाव ठाऊक नसते. असं अडलं की बाई गाडीच्या दारात उभ्या राहायच्या आणि आरडाओरडा करून फलाट गोळा करायच्या. लोक त्यांना वेडी म्हणायचे. जसोदा गेली त्या दिवशी बाई एका बाळंतिणीकडं गेल्या होत्या. पुढं त्या मला म्हणाल्या, "ते बाळ मी वाचवलं. पण त्या पोराला पाहिलं की मला तुझ्या गावची पोरगी आठवते." इतकी वर्षं त्यांनी ते मनात ठेवलं होतं. मला बरं वाटलं, की ते ओझं वाहणारं कोणीतरी आणखी आहे.

दीड वर्षानं कुठूनतरी बातमी आली. सिमेंटच्या कामावर दूर गेलेल्या एका माणसानं सांगितलं की जसोदासारखी पोरगी एका शहरात वाईट वस्तीत पाहिली. गोविंदानं ऐकलं, आणि तिसऱ्या दिवशी केस उतरवले. म्हणाला, माझी पोरगी मेली. तेरवी केली. गावाला जेवण दिलं. सगळं गाव जेवलं, मीही जेवलो. भात, वरण, आलूची भाजी. एकटी माय गेली नाही. म्हणाली, "मुडदा पाह्यल्याबिगर मी कोनाची तेरवी खात नाई." इथंच सांगून टाकतो: वीस-बावीस वर्षांनी गोविंदा वारला तेव्हा जसोदा आली होती, बापाच्या तेरवीच्या पंगतीत बसली आणि पोटभर जेवली. कोणाची काही म्हणायची हिंमत झाली नाही.

तेरवीनंतरच्या धानकापणीत लीलाबाई गावात आल्या. उन्हात चालत, हातात छत्री. गोविंदा बांधीत होता, मी शेजारच्या बांधीत भारे बांधत होतो. मला सगळं ऐकू येत होतं. बाई सांगत होत्या की एका ठिकाणी पोलिसांनी पोरी सोडवल्या, त्यातली एक सरकारी वसतिगृहात आहे, ती गावाचं नाव हेच सांगते. नातेवाईक येऊन ओळखेल तरच सोडतील, नाहीतर आणखी लांब पाठवून देतील, मग शोधणं कठीण.

गोविंदानं विळा खाली ठेवला नाही. "बाई, माही पोरगी मेली. गावाले इचारा."

"ती जिवंत आहे, भाऊ. मी तिचा फोटो आणला आहे."

"फोटो नोको दाखवू. गाव तेरवी जेवलं. आता का लोकाच्या पोटातून काढू?"

बाई तिथंच बांधावर बसल्या. मी भारा टाकून त्यांच्याकडं गेलो. म्हणालो, "मी येतो."

"तू कोण तिचा?"

"कोनीच नाई. त्या मानसाले त्याहीच्या घरी मीनं नेलं होतं."

बाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. म्हणाल्या, "मग तर तुला यावंच लागते."

दोन गाड्या बदलून आम्ही गेलो. त्याआधी मी नागपूरसुद्धा पाहिलं नव्हतं. वाटेत बाई म्हणाल्या, "हे बघ, तिथं नातं विचारतील. मी तुला खोटं बोलायला सांगणार नाही. आणि खरं सांगितलंस तर ती सुटणार नाही. तुझं तू ठरव." मी रात्रभर ठरवत राहिलो, आणि काही ठरलं नाही. ते वसतिगृह म्हणजे उंच भिंतीचं पिवळं घर, आत फिनाईलचा वास. टेबलामागं एक अधिकारी बाई. जसोदाला आणलं. उवा झाल्या म्हणून केस कापले होते. हाडं दिसत होती. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि तिच्या चेहऱ्यावर काही हललं नाही.

अधिकारी बाईंनी विचारलं, "पहचानते हो?"

"हो."

"कौन लगती है तुम्हारी?"

रात्रभर जे ठरत नव्हतं ते तिथंही ठरलं नाही. लीलाबाई खाली पाहत होत्या. तेवढ्यात जसोदा बोलली, आमच्या बोलीत नाही, हिंदीत, दुसऱ्याच कोणाचा आवाज असावा तशी: "भाई है मेरा. गनपत." अधिकारी बाईंनी लिहून घेतलं. जसोदाच्या अंगठ्याच्या ठशाजवळ मी सही केली.

परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसली. अर्धा दिवस गेल्यावर पहिल्यांदा आमच्या बोलीत बोलली. "गणू, तुले भाऊ म्हनली ते सुटाले म्हनली. तू माहा भाऊ नोहे. ध्यानात ठेव." मी म्हणालो, ठेवतो. लीलाबाईंनी तिला भाकरीवर चटणी घालून दिली. तिनं ती घेतली आणि आमच्याकडं पाठ करून खाल्ली.

वडस्याला उतरल्यावर बाई म्हणाल्या, आधी माझ्याकडं चल, चार दिवस राहा. ती ऐकेना. "माह्या बाच्या घरी जातो." बाईंनी जबरदस्ती केली नाही. त्या कोणावरच करत नसत. आम्ही गावात पोचलो तेव्हा गोविंदा अंगणात धान वारवत होता. सूप त्याच्या हातात वर उचललेलं होतं. त्यानं तिला पाहिलं. सुपातलं सगळं खाली सांडलं. तो आत गेला आणि आतून कडी घातली. ती दारापर्यंत गेली, हाक मारली नाही, नुसती उभी राहिली. मग आतून आवाज आला. तिला नाही, मला. "गणू, तुह्या पाहुन्यानं नेली. तूच ठेव."

माझ्या मायनं काही विचारलं नाही. तिच्या पायावर पाणी घातलं, ताट वाढलं. बा मांडवात बसून होता. तो तिच्याशी बोलला नाही, त्या दिवशी नाही आणि पुढं अकरा महिने नाही. ती आली की तो उठून बाहेर जायचा. रागानं नाही. मला ठाऊक आहे, रागानं नाही. पण तिला ते कसं ठाऊक असणार? मी तिच्यासाठी पाणी भरून ठेवायचो, सरपण फोडून ठेवायचो, तिच्या वाटणीचं काम आधीच करून टाकायचो. ती एकदा चिडली: "मले हात नाई का बे?" गावात पंचांनी ठरवलं की आमच्या घरी कोणी जेवायचं नाही. दुकानदार सामान द्यायचा, पण हातात नाही, पायरीवर ठेवायचा. रोवण्याला बाया ओळीत तिच्या शेजारी उभ्या राहिनात. ती एकटीच एका कोपऱ्यात रोवायची, आणि तरी त्यांच्या आधी बांधीच्या टोकाच्या धुऱ्यापर्यंत पोचायची. लीलाबाई महिन्यातून एकदा यायच्या, तिच्याशी परसात बोलायच्या आणि जाताना दर वेळी तेच सांगायच्या: "दार उघडं आहे, पोरी."

मग मंडई आली. मायनं नेहमीएवढीच डाळ भिजवली. मी म्हणालो, "माय, कोन येनार आहे?" ती म्हणाली, "येवो नाई तं ना येवो. मी मंडईले कमी वडे तळले नाई कधी." बा सकाळीच धुतलेलं धोतर नेसून मांडवात बसला. पाहुणे गल्लीतून जात होते. ओळखीचे, नात्यातले, दर वर्षी आमच्या पाटावर बसणारे. कोणी दुसरीकडं पाहत जायचं, कोणी बाला लांबूनच रामराम घालायचं. दुपार झाली. वड्यांची परात भरून चुलीजवळ होती. जसोदा शेवटचा घाणा काढत होती. तिनं झारा ठेवला, पदराला हात पुसले आणि सरळ चालू लागली. मी मागं गेलो.

मैदानात चिंचेखाली भोंग्याचा माईक घेऊन एक माणूस बसून पुकारे करत होता, कोणाची बंडी वाटेत आहे, कोणाचं पोर सापडलं. जसोदा त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. त्यानं मान वर न करता विचारलं, "कोनाचं लेकरू हरवलं, बाई?"

"गोविंदाचं," ती म्हणाली. "दे, मीच सांगतो."

त्याला समजायच्या आत तिनं माईक घेतला होता. सुरुवातीला नुसता श्वास ऐकू आला, सगळ्या गावभर. मग ती बोलली. "मी जसोदा. तुमी जिची तेरवी जेवले ते. तीन मंडया आधी या गावात एक पाहुना आला होता. पांढरा सदरा, घड्याळवाला. त्यानं मले विकली. तो कोनाचा पाहुना होता? मले एवढंच पाह्यजे. ज्याच्या घरी तो जेवला, चाय पेला, त्यानं समोर या. नाई तं म्हना, जसोदा आपल्या पायानं गेली."

बैलांच्या घंट्या वाजत होत्या. मी पुढं व्हायला पाय उचलला, तिनं हातानं थांबवलं. मी तर आधीच समोर आलेला होतो. माझ्या येण्याला तिच्या लेखी काही किंमत नव्हती. थोड्या वेळानं गर्दी बाजूला झाली. बा येत होता. घरी भोंगा ऐकून तसाच निघाला होता, अनवाणी, पागोटं नाही. माईकजवळ तो गेला नाही, लोकांकडं तोंड करून उभा राहिला. बाचा आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "माह्या घरी जेवला. माह्या पाटावर. मीनं नाई इचारलं कोनाकडचा." आणि मग जसोदाकडं वळून म्हणाला, "बाई, मीनं नाई इचारलं."

चहाच्या पालावरचा माणूस पुढं आला. "माह्या इथी चाय पेला. मीनं बी नाई इचारलं." मग एक म्हातारी. "मीनं पान देल्लं त्याले."

तिघंच. मला वाटलं होतं आणखी येतील. तो दहा-बारा घरं फिरला होता, मी सोबत होतो, मला एकेक घर ठाऊक होतं. कोणी आलं नाही. गोविंदा चिंचेच्या दुसऱ्या अंगाला उभा होता, त्यानं जमिनीकडं पाहिलं आणि घरी निघून गेला. भोंगेवाल्यानं हळूच माईक परत घेतला आणि पुकारलं, "शंकरपटाच्या जोड्या मैदानात आना." लोक पटाकडं गेले. एवढंच झालं. आमच्या गावात तेव्हापासून पाहुण्याला विचारतात, कोणाकडचे, पायावर पाणी घालायच्या आधी विचारतात. सगळ्या गावांत विचारत नाहीत. आणि आता तर पाहुणा मोबाईलमधूनच घरात शिरतो, त्याला ना पाट लागतो ना वडा. त्याला कोण विचारणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं गाठोडं बांधलं. बाईच्या घरी जाते म्हणाली. माय म्हणाली, "राह्य ना वो. आता तं बुडा बी बोलला." ती म्हणाली, "मामी, या घरात मी आली की सारे मान खाली घालता. कवापर्यंत घालान? तिथी मले कोनी पाहून मान खाली नाई घालत. तिथी काम आहे." बा तिचं गाठोडं घेऊन शिवेपर्यंत आला. पुढं बसच्या फाट्यापर्यंत मी होतो. एकवीस वर्षांचा होतो आणि एकच गोष्ट पाहिजे होती. बसची धूळ दिसायला लागली तेव्हा विचारून टाकलं.

"जसोदे, तूनं मले माफ केलं का?"

"नाई." तिनं विचार करायलासुद्धा वेळ घेतला नाही. मग गाठोडं माझ्या हातातून घेत म्हणाली, "तुले माफ करत बसली तं दुसरं काम कवा करू?"

बस आली, ती चढली आणि पलीकडच्या खिडकीशी बसली.

त्याला आता एक जन्म लोटला. लीलाबाई गेल्या, घर जसोदानं चालवलं. फलाटावर डबा घेऊन ती बसायला लागली. मी तुळसाला घेऊन वर्षातून दोनदा जायचो, तुळसा तिथल्या पोरींना ज्वारीची भाकर थापायला शिकवायची आणि कोणाची वाकडी झाली की तिची हसून वाट लावायची. जसोदा माझ्याशी कामापुरतं बोलायची, तुळसाशी मात्र तासन्‌तास.

तुळसा गेली तेव्हा जसोदा आली. आता तिलाही काठी लागते. तिनं तुळसाला आंघोळ घातली, लुगडं नेसवलं. तीन दिवस राहिली. घर झाडलं, मला चहा करून दिला, माझ्यासमोर बसून राहिली. चौथ्या दिवशी सकाळी तिच्या मोबाईलवर बाईच्या घरून फोन आला. ती ऐकत राहिली, मग उठून काठी शोधायला लागली. मी म्हणालो, "तेरवीपर्यंत थांबत नाई का?"

"भामरागडकडची एक पोरगी आनली काल," ती म्हणाली. "कोपऱ्यात बसून आहे. जेवून नाई राह्यली."

जेवत मीही नव्हतो. पण तिला थांब म्हणालो नाही. काठी दाराच्या मागं होती, ती काढून दिली.